जुनी गाडी मधेच बंद पडते आणि मग आपोआप सुरू होते: दोष शोधायचा कसा

रस्त्यात बंद पडणारी गाडी गॅरेजमध्ये नेली की एकदम गुणी होते. सिंहगड रोडच्या गर्दीत दोनदा मान टाकलेली गाडी मेकॅनिकसमोर तासभर आयडलिंगवर (रेस न देता, नुसतं इंजिन चालू ठेवून) उभी राहते आणि एकदाही अडखळत नाही. मग तो तरी काय करणार? प्लग बदलतो, फिल्टर बदलतो, "कचरा आला असेल साहेब" म्हणून टाकी उतरवतो. आठ दिवस बरे जातात आणि नवव्या दिवशी नवले पुलाच्या अलीकडे इंजिन पुन्हा गप्प.

आमच्याकडे बाबांनी २००४ साली घेतलेली पेट्रोल हॅचबॅक आहे. एका उन्हाळ्यात तिनं असंच छळलं. प्लग, पेट्रोल फिल्टर, टाकीतला पंप असं सगळं बदलून झालं आणि दोष निघाला भलतीकडेच. त्यानंतर सोसायटीतल्या पाच-सहा गाड्यांचे असेच दोष शोधायला मदत केली आणि एक गोष्ट पक्की कळली. असा मधेच येणारा-जाणारा दोष गाडी बंद असते त्या दहा-पंधरा मिनिटांतच सापडतो. त्या वेळी गाडीजवळ मेकॅनिक नसतो, आपण असतो. त्या मिनिटांत काय पाहायचं, हे मालकाला माहीत असलं की निम्मं काम झालं. पुढचं सगळं पेट्रोल गाड्यांबद्दल आहे, डिझेलचं गणित वेगळं असतं.

आधी गाडी बाजूला, मग बाकीचं

चालत्या गाडीचं इंजिन बंद पडलं की पॉवर स्टिअरिंग जड होतं, पण वळतं. ब्रेकच्या बूस्टरमध्ये दोन-तीन वेळा पेडल दाबण्यापुरता व्हॅक्यूम शिल्लक असतो. त्यामुळे पेडल सारखं पंप करू नका, एकदाच दाबून धरा आणि गाडी डावीकडे घ्या. किल्ली मागे फिरवून काढायची नाही, स्टिअरिंग लॉक होतं. हॅझर्ड लाइट लगेच लावा.

कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर ब्रेक न लागलेल्या ट्रकांचे किती अपघात झालेत, हे पुणेकरांना सांगायला नको. तिथे गाडी बंद पडली तर आत बसून राहू नका, गाडीमागे उभं राहू नका आणि बॉनेटमध्येही डोकं घालू नका. माणसं आधी कठड्यापलीकडे. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ आणि कुठल्याही आणीबाणीत ११२ हे क्रमांक आहेत. खाली सांगितलेल्या चाचण्या गाडी सुरक्षित जागी उभी असेल तरच करायच्या.

डॅशबोर्डमध्ये एक वही

साधी दोनशेपानी वही आणि पेन गाडीत ठेवा. दर वेळी बंद पडली की लिहायचं: तारीख, वेळ, किती वेळ चालवल्यावर बंद पडली, गाडी चढावर होती की सिग्नलला, एसी चालू होता का, टाकीत पेट्रोल किती, पाऊस की ऊन, खड्डा किंवा स्पीडब्रेकर गेला होता का, आणि किती मिनिटांनी सुरू झाली. मोबाइलवर लिहिलंत तरी चालेल, पण लगेच लिहा. संध्याकाळी घरी जाऊन आठवायला बसलं की "बहुतेक एसी लावला होता" असं होतं आणि त्या "बहुतेक"वर काही उभं राहत नाही.

कंटाळवाणं वाटेल, पण आमच्या गाडीचा दोष याच वहीनं धरून दिला. ते पुढे येईलच.

बंद पडली ती कशी?

बंद पडण्याच्याही तऱ्हा असतात. सगळ्यात महत्त्वाचा फरक हा: दिव्याचं बटण बंद करावं तसं इंजिन खटकन गेलं, की आधी धक्के खाल्ले, पिकअप गेला, रेस देऊनही ओढेना आणि मग मेलं?

खटकन गेलं तर बहुतेक वेळा वीज गेलेली असते. रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), इग्निशन म्हणजे किल्लीचा स्विच, क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे सांगणारा), प्लगच्या ठिणगीची कॉइल, अर्थिंग, यांपैकी काहीतरी. धक्के खात, जीव जात जात बंद पडली तर पेट्रोल कमी पडतंय. पंप, फिल्टर, टाकीची हवा, ही संशयितांची यादी. आणि तिसरी तऱ्हा म्हणजे रस्त्यावर उत्तम चालते पण सिग्नलला क्लच दाबला, रेस सोडली की जाते. तिथे दोष हवेच्या वाटेवर असतो.

खटकन गेली तर त्याच सेकंदाला डॅशबोर्डकडे पाहा. ऑइल आणि बॅटरीचे लाल दिवे लागले असतील तर किल्लीच्या स्विचमधून करंट येतोय. सगळा डॅशबोर्डच काळा पडला असेल तर बॅटरीचे टर्मिनल किंवा इग्निशन स्विच. जुन्या गाड्यांत स्विचचे आतले संपर्क झिजतात, त्यात किल्लीला घराच्या, कपाटाच्या, ऑफिसच्या किल्ल्यांचा जुडगा लोंबत असतो. खड्ड्यात गाडी आदळली की तो जुडगा झोका घेतो आणि संपर्क सुटतो. जुडगा काढून आठवडाभर नुसत्या किल्लीवर गाडी चालवून पाहा, यात पैसे लागत नाहीत.

आरपीएमचा काटा असेल तर आणखी एक सुगावा मिळतो. गाडी गिअरमध्ये आहे, क्लच सोडलेला आहे, चाकं अजून फिरताहेत, म्हणजे इंजिनही फिरतंय. अशा वेळी काटा एकदम शून्यावर पडला तर इंजिन फिरत असल्याची खबरच इंजिन चालवणाऱ्या संगणकापर्यंत पोचत नाहीये. क्रँक सेन्सर, त्याची वायर किंवा संगणकाचा वीजपुरवठा तपासायचा. काटा वेगाबरोबर हळूहळू उतरला तर पेट्रोलकडे वळा.

ती दहा मिनिटं

गाडी बाजूला उभी आहे, सुरू होत नाहीये. घाईनं सेल्फ मारत सुटू नका, बॅटरी उतरेल आणि पुरावाही जाईल.

किल्ली पूर्ण बंद करून पुन्हा "ऑन"वर आणा, सेल्फ मारू नका. काच वर, पंखा बंद, रेडिओ बंद. मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद "घुंऽऽ" असा आवाज यायला हवा. टाकीतला पंप पेट्रोलचा दाब तयार करतो त्याचा हा आवाज. गाडी चांगली असताना हा आवाज एकदा कान देऊन ऐकून ठेवा, म्हणजे नसला की कळेल. त्याच वेळी चेक इंजिनचा दिवा लागतो का पाहा. किल्ली ऑन केल्यावर तो लागलाच पाहिजे. दिवाही नाही आणि पंपही नाही, तर संगणकालाच वीज नाही: मुख्य रिले, त्याचा फ्यूज किंवा अर्थिंग. दिवा आहे पण पंपाचा आवाज नाही, तर पंप, पंपाचा रिले किंवा त्याची वायर.

दोन्ही आहे, तरी सुरू होत नाही? आता सेल्फ मारा आणि आरपीएमचा काटा पाहा. सेल्फवर तो शून्यापासून थोडासा तरी हलायला हवा. बऱ्याच गाड्यांत क्रँक सेन्सर गेला की तो शून्याला चिकटून राहतो.

यानंतर करंट आहे की पेट्रोल आहे, एवढंच ठरवायचं राहतं. करंटसाठी इनलाइन स्पार्क टेस्टर मिळतो, छोटा दिवा असलेला. एच.टी. लीड (कॉइलकडून प्लगला करंट नेणारी जाड वायर) आणि प्लग यांच्यामध्ये तो लावायचा आणि कुणालातरी सेल्फ मारायला सांगायचं. दिवा लुकलुकला तर करंट येतोय. लीड हातात धरून ठिणगी बघण्याचा जुना प्रकार करू नका. तिथे हजारो व्होल्ट असतात, झटका तर बसतोच, शिवाय ठिणगीला वाट मिळाली नाही तर कॉइल किंवा इग्निशनचं सर्किट जाऊ शकतं. टेस्टर लावून लुकलुक दिसते पण गाडी सुरू होत नाही, म्हणजे संशय पेट्रोलवर.

ही उत्तरं वहीत लिहा. "पंपाचा आवाज नाही, चेक इंजिन दिवा नाही, वीस मिनिटांनी दोन्ही आले." असं एक वाक्य मेकॅनिकला सांगितलं, तर टाकी उतरवण्याची वेळच येत नाही.

आमच्या गाडीची वही

सहा नोंदी झाल्या होत्या. पाच दुपारी बारा ते चारमधल्या. सहाही वेळा एसी बंद. मला तोवर वाटत होतं, गरमीनं इंजिनातला एखादा भाग जातोय, म्हणून माझं सगळं लक्ष बॉनेटखाली.

सातव्या वेळी सासवडहून येत होतो. दिवे घाट उतरून वडकीच्या आसपास रसवंतीवर थांबलो. एप्रिलचं ऊन, गाडी उघड्यावर. अर्ध्या तासानं किल्ली फिरवली तर सेल्फ फिरतोय, पण पंपाचा आवाज नाही, चेक इंजिनचा दिवा नाही. बायको म्हणाली, "आत भाजतंय नुसतं, चारही दारं उघड." उघडली. बॉनेट बंदच होतं. वीस मिनिटांनी किल्ली ऑन केली, दिवा लागला, मागून "घुंऽऽ" आलं, गाडी सुरू.

घरी येईपर्यंत तेच डोक्यात घोळत होतं. त्या वीस मिनिटांत इंजिन तर फारसं निवलंच नव्हतं, बॉनेट बंद होतं. निवली होती ती केबिन. आणि एसी चालू असताना गाडी कधीच बंद पडली नव्हती, कारण तेव्हा डॅशबोर्डच्या मागचा भाग थंड राहत होता. म्हणजे दोष इंजिनात नव्हताच, डॅशबोर्डच्या मागे होता. तिथे मुख्य रिले असतो.

ऑटो इलेक्ट्रिशियन काकांनी रिले काढला, त्याचं झाकण स्क्रू ड्रायव्हरनं अलगद उचकटलं आणि आतली पट्टी भिंगाखाली धरली. सोल्डरच्या एका चकचकीत ठिपक्याभोवती केसाएवढी काळी गोल रेघ होती, दुधाच्या भांड्यावर साय सुटते तशी. थंड असताना ती रेघ मिटलेली, तापली की उघडणार आणि करंट तुटणार. काकांनी सोल्डर पुन्हा मारून दाखवलं, पण मी नाना पेठेतून नवा रिलेच आणला. पंपावर घातलेल्या पैशांच्या मानानं ती किंमत किरकोळ होती. जुना, सोल्डर केलेला रिले डिकीत ठेवला आहे.

तुमच्या गाडीत दोष हाच असेल असं नाही. पण "गरम झाल्यावर बंद पडते" एवढं पुरेसं नाही, काय गरम झाल्यावर, हे विचारलं पाहिजे. रिलेचा संशय असेल तर सोपी युक्ती आहे. बऱ्याच गाड्यांत हॉर्न किंवा एसीचा रिले त्याच नंबरचा असतो. नंबर आणि पायांची रचना जुळत असेल तरच अदलाबदल करून आठवडाभर चालवा. दोष रिलेबरोबर हॉर्नकडे गेला तर चोर सापडला.

इंजिन तापलं की जाते, निवलं की येते

दोष खरंच बॉनेटखाली असेल तर पहिला संशय क्रँक सेन्सरवर किंवा त्याचा भाऊ असलेल्या, कॅमशाफ्टवरच्या कॅम सेन्सरवर. कॉइलवाल्या सेन्सरच्या आत केसासारखी बारीक तांब्याची वायर गुंडाळलेली असते. ती कुठे तुटत आली असेल तर उष्णतेनं टोकं लांब जातात, निवलं की पुन्हा टेकतात. आमच्या इमारतीतल्या काकूंची गाडी हमखास कात्रजचा जुना घाट चढून गेल्यावर सिग्नलला जायची. बंद पडल्यावर सेल्फ मारला तर काटा शून्यावर, अर्ध्या तासानं सगळं ठीक. काकूंनी सांगितलेली ही दोन वाक्यं आणि मल्टीमीटर (व्होल्ट, रोध मोजायचं यंत्र) एवढ्यावर काम झालं. सेन्सर थंड असताना त्याचा रोध मोजला, मग बाहेर काढून हेअर ड्रायरनं तापवत मोजला. तापल्यावर तांब्याचा रोध थोडा वाढतोच, पण इथे आकडा एकदम गायब झाला.

दोन पिनांच्या सेन्सरवर ही चाचणी चालते. तीन पिनांचा सेन्सर बहुतेक हॉल इफेक्टचा, म्हणजे आत इलेक्ट्रॉनिक चिप असलेला असतो, त्याचा रोध मोजून काही कळत नाही, तो चालू इंजिनवर सिग्नल पाहूनच तपासावा लागतो. सेन्सर बदलायच्या आधी त्याचा कपलर (वायर जोडायचा प्लास्टिकचा सांधा) उघडून पिना पाहा. हिरवट थर, तेल, मोडकं लॉक यापैकी काही असेल तर सेन्सर निर्दोष असू शकतो.

फुकटच्या तपासण्या

बॅटरीचे टर्मिनल हातानं फिरवून पाहा, जरासुद्धा हलता कामा नयेत. बॅटरीच्या निगेटिव्हमधून निघून बॉडीला आणि इंजिनला जाणारी अर्थिंगची पट्टी जुन्या गाडीत गंजते, आतून तारा तुटतात, वरून मात्र ठीक दिसते. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि कुणालातरी सेल्फ मारू द्या. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर अर्थिंग खराब. इंजिन बंद असताना चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, चालू असताना साधारण १३.८ ते १४.५.

मग गाडी आयडलिंगवर ठेवून वायरिंगचे जुडगे एकेक करून हलवा, कपलर दाबा, फ्यूज बॉक्सवर हलक्या हातानं टिचक्या मारा. कुठे हात लागला की इंजिन अडखळतं, ते पाहा. पंख्याच्या पात्यापासून आणि बेल्टपासून हात, बाही, ओढणी लांब ठेवा.

वायर दाबताना उंदरांची आठवण ठेवा. पुण्यात पावसाळा सुरू झाला की घुशी आणि उंदीर बॉनेटखाली मुक्कामाला येतात. अर्धवट कुरतडलेली वायर कोरड्या दिवशी चालते आणि ओल्या दिवशी दगा देते. पावसातच बंद पडत असेल तर जुन्या एच.टी. लीड आणि डिस्ट्रिब्युटरचं झाकणही पाहा. अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं आणि लीडवर पाण्याचा बारीक फवारा मारला, की चिरलेल्या लीडवरून निळ्या ठिणग्या उडताना दिसतात. या वेळी हात लावायचा नाही.

पेट्रोल कमी पडतंय

पहिली चाचणी टाकीच्या झाकणाची. अर्धा-पाऊण तास चालवल्यावर गाडी जीव सोडते, झाकण उघडलं की "फुस्स" करून हवा आत जाते आणि गाडी सुरू होते, असं असेल तर टाकीला हवा मिळत नाही. झाकणाचा किंवा हवेच्या नळीचा दोष, पंपाचा नाही.

पेट्रोल पाव टाकीच्या खाली गेल्यावरच, त्यातही वळणावर किंवा चढावर बंद पडते का, हे वहीत दिसेल. पंपाची जाळी तुंबली असेल किंवा पंप थकला असेल तर असं होतं. पंप तापून थकतो, निवला की चालतो. असा पंप बंद असताना मागच्या सीटखाली टाकीवर हलक्या हातानं थापटलं आणि तो जागा झाला, तर निदान झालं. पण पंप बदलायच्या आधी इंधनाचा दाब गेजवर मोजून घ्या. बऱ्याच एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल फवारणाऱ्या) गाड्यांत तो अडीच ते साडेतीन बारच्या दरम्यान असतो, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे. गाडी बंद पडते त्या क्षणाचा दाब हवा, गॅरेजमधल्या निवांत आयडलिंगचा नाही. मेकॅनिकला गेज लावून शेजारी बसवा आणि चढावर घेऊन जा.

आता पेट्रोल पंपांवर ई२० पेट्रोल येतं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही. २००० च्या आसपासच्या गाडीत मूळ नळ्या असतील तर त्या फुगून, आतून सुटून कण फिल्टरमध्ये येतात. नळी दाबून पाहा, चिकट किंवा भेगाळलेली असेल तर वाट बघू नका, गळणारं पेट्रोल म्हणजे आग. महिनोन्‌महिने उभी असलेली गाडी असेल तर जुनं पेट्रोल काढूनच टाका.

सिग्नलला जाते

इथे फार शोधाशोध नको. थ्रॉटल बॉडीवर (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेवर) काजळी बसते, आयडलिंगचा व्हॉल्व्ह अडकतो. योग्य क्लीनरनं साफ केलं की निम्म्या गाड्या सुधारतात. साफ केल्यावर काही गाड्यांचं आयडलिंग थोडे दिवस वर-खाली होतं, संगणक नव्यानं जुळवून घेतो. फरक पडला नाही तर व्हॅक्यूमच्या नळ्या एकेक करून पकडीनं चिमटून पाहा. कुठली चिमटल्यावर आयडलिंग सुधारतं, ती फुटकी किंवा तिच्या टोकाचा भाग खराब. पेट्रोल भरून निघालं की पहिल्याच सिग्नलला बंद पडत असेल तर कॅनिस्टरचा पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारी झडप) उघडा अडकलाय का पाहा, तो पटकन कुणाला आठवत नाही.

कार्बोरेटरच्या गाडीत आयडल जेटमधला कचरा आणि कट-ऑफ सोलेनॉइडची वायर आधी. उन्हाळ्यात घाटात बंद पडली तर पेट्रोल पंपाच्या आणि नळीच्या आसपास वाफ धरली असेल. इंजिनावरच्या पंपावर ओलं फडकं ठेवून सुरू झाली तर तेच.

सीएनजी किट आणि नंतर जोडलेल्या वायरी

जुन्या गाडीत किट, सेंट्रल लॉकिंग, अलार्म, म्युझिक सिस्टिम यांच्या वायरी मूळ वायर सोलून, गुंडाळून, काळी टेप लावून जोडलेल्या असतात. अलार्मचा इंजिन कट-ऑफ आणि सीएनजी किटचं पंप तोडणारं जोडकाम, ही दोन ठिकाणं मी सगळ्यांत आधी उघडतो. गाडी फक्त सीएनजीवर बंद पडते की फक्त पेट्रोलवर, की दोन्हीवर, हे आठवडा-आठवडा एकाच इंधनावर चालवून ठरवा. दोन्हीवर बंद पडत असेल तर टाकी, पंप, पेट्रोल फिल्टर या सगळ्यांची नावं यादीतून कटली. गॅसच्या नळ्यांना मात्र स्वतः हात लावायचा नाही, ते अधिकृत फिटरचं काम.

स्कॅनर आणि मेकॅनिक

गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड वाचणारे, मोबाइलला जोडायचे छोटे ओबीडी स्कॅनर स्वस्त मिळतात, पण २०१० च्या आधीच्या बऱ्याच गाड्या त्यांच्याशी बोलत नाहीत. तिथे त्या कंपनीचा स्कॅनर असलेलं गॅरेज गाठा किंवा चेक इंजिनच्या लुकलुकण्यावरून कोड वाचणारा जाणता माणूस. कोड आला म्हणजे तो भाग गेला असं समजू नका. क्रँक सेन्सरचा कोड तुटक्या वायरीमुळेही येतो. आणि कोड पुसायच्या आधी फोटो काढून ठेवा.

मेकॅनिककडे गाडीबरोबर वही न्या. एका वेळी एकच भाग बदलायला सांगा आणि जुना भाग परत मागा. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं बरं झालं ते कधीच कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा तिन्ही बदलाव्या लागतात.

दुरुस्ती झाली हे कधी मानायचं? वहीतल्या नोंदींमध्ये साधारण किती दिवसांचं अंतर होतं ते काढा आणि त्याच्या तिप्पट दिवस थांबा. दहा दिवसांनी बंद पडायची तर महिनाभर एकदाही बंद न पडता चालली पाहिजे, तीही त्याच परिस्थितीत. आम्ही नवा रिले बसवल्यावर मुद्दाम एसी बंद ठेवून, भर दुपारी सासवडला जाऊन आलो. त्याच रसवंतीसमोर, त्याच उन्हात गाडी काचा लावून पाऊण तास उभी केली आणि किल्ली ऑन करून मागच्या सीटकडे कान लावला.